जीएलओ रेकॉर्ड्स: आयोवातल्या एका टाउनशिपचं जुनं दप्तर, तेही फुकटात

मिडवेस्टात राहणाऱ्या आपल्या लोकांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, इथे बघण्यासारखं आहे काय, मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. मला हे आता खरंच ऐकवत नाही. म्हणून आज रेस्टॉरंट नाही, इंडियन ग्रोसरी नाही, एका सरकारी वेबसाइटचा रिव्ह्यू लिहितोय. अमेरिकेचं ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट ही साइट चालवतं, नाव जीएलओ रेकॉर्ड्स, म्हणजे जुन्या जनरल लँड ऑफिसचं दप्तर. १७८८ पासूनच्या पन्नास लाखांहून जास्त जमिनीच्या कागदांची नोंद तिथे आहे, स्कॅन केलेले कागद बघता येतात, पीडीएफ उतरवून घेता येते, आणि साध्या कॉपीला एक पैसा लागत नाही. सही-शिक्क्याची प्रत हवी असेल तरच फी.

नुसतं "छान आहे" म्हणून काही कळत नाही, म्हणून एक टाउनशिप घेऊन सांगतो. आयोवाच्या पूर्वेला सीडर काउंटीतलं स्प्रिंगडेल टाउनशिप. आयोवा सिटीहून आय-८० ने पूर्वेकडे निघालं की थोड्याच वेळात वेस्ट ब्रांच लागतं ना, ते गाव ह्याच टाउनशिपमधलं. बरेच जण राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवरच्या म्युझियमची पाटी बघत पुढे शिकागोला निघून जातात.

आधी टाउनशिप म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण साइटवर गेलात की पहिल्याच फॉर्ममध्ये टाउनशिप, रेंज, मेरिडियन असे रकाने समोर येतात आणि माणूस तिथेच टॅब बंद करतो. १७८५ च्या लँड ऑर्डिनन्सने ठरवलं की पश्चिमेची जमीन आधी मोजायची आणि मग विकायची. मोजायची कशी, तर सहा मैल बाय सहा मैलाचे चौकोन पाडायचे. एक चौकोन म्हणजे एक टाउनशिप, त्यात एक-एक मैलाचे ३६ सेक्शन, एका सेक्शनमध्ये ६४० एकर, त्याचा चौथा भाग १६० एकर आणि त्याचाही चौथा भाग ४० एकर. इथले शेतकरी आजही "त्या चाळीसमध्ये" असं बोलतात ते यामुळेच. सेक्शनचे नंबर ईशान्येच्या कोपऱ्यातून सुरू होतात, १ ते ६ पश्चिमेकडे, मग खाली उतरून ७ ते १२ परत पूर्वेकडे, नांगर शेताच्या टोकाला जाऊन वळतो अगदी तसे, आणि ३६ नंबर आग्नेयेच्या कोपऱ्यात संपतो. ही नांगराची चाल एकदा डोक्यात बसली की काम झालं, कुठल्याही टाउनशिपचा कागद वाचता येतो.

तर स्प्रिंगडेलसाठी राज्य आयोवा, काउंटी सीडर, टाउनशिप ७९ उत्तर, रेंज ४ पश्चिम, मेरिडियन पाचवा प्रिन्सिपल, एवढं भरा आणि सर्च करा. मेरिडियन म्हणजे मोजणीची मूळ उभी रेषा, रेंज म्हणजे तिच्यापासून पश्चिमेला कितवा चौकोन, आणि टाउनशिपचा आकडा म्हणजे मूळ आडव्या रेषेपासून उत्तरेला कितवा. दोन प्रकारचा माल मिळतो. एक म्हणजे लँड पेटंट, आपल्या भाषेत सरकारने पहिल्या मालकाला दिलेली सनद. दुसरा म्हणजे सर्व्हे प्लॅट, मोजणीचा मूळ नकाशा. मी तर म्हणेन सनदा नंतर बघा, आधी नकाशा उघडा.

हे नकाशे हाताने काढलेले आहेत. आयोवातली मोजणी १८३६ ला सुरू झाली, तेव्हा इथे रस्ते नव्हते, कुंपणं नव्हती. सर्व्हेअरची टोळी साखळी घेऊन चालायची, साखळी ६६ फुटांची, तिच्यात १०० कड्या, आणि ८० साखळ्या झाल्या की एक मैल. दर अर्ध्या मैलावर खूण करायची. झाड असेल तर त्यावर घाव घालून साक्षीचं झाड म्हणून त्याची जात, जाडी, दिशा वहीत लिहायची, आणि नुसतं गवत असेल तर मातीचा ढिगारा करून खुंटी ठोकायची. ओढा कुठे ओलांडला, झाडी कुठे संपली आणि गवताळ रान कुठून सुरू झालं, पायवाट कुठे लागली, सगळं टिपायचं. त्या वह्यांवरून हे नकाशे बनले. त्यामुळे मक्याच्या आधी इथे काय होतं याचा हा जवळपास एकमेव सलग पुरावा आहे, आयोवातल्या शास्त्रज्ञांनी याच नोंदींवरून १८३२ ते १८५९ च्या काळातलं गवत-झाडीचं अख्खं राज्यभराचं चित्र तयार केलंय. तेव्हा आयोवाचा जवळपास ८० टक्के भाग उंच गवताची प्रेअरी होता. आज त्यातला एक टक्क्याचा दहावा भागही शिल्लक नाही. हा आकडा मी आधी वाचला होता पण तो मनाला लागला तो जुना नकाशा आणि आजचा सॅटेलाइट फोटो शेजारी शेजारी ठेवले तेव्हा. नकाशात ओढा वळणं घेत जातो, झाडी त्याच्या काठाने पसरते, आणि आजच्या फोटोत त्याच जागी चौकोनाला चौकोन लागून शेतं.

आणि ते सरळ रस्ते! गाडी चालवताना कंटाळा येतो ना, दर मैलाला एक क्रॉसरोड, तोही काटकोनात. ते रस्ते म्हणजे सेक्शनच्या हद्दी आहेत, आणि कित्येक ठिकाणी रस्त्याची जागाही नेमकी ६६ फूट रुंद, म्हणजे एक साखळी. मध्येच सरळ चाललेला रस्ता अचानक डावीकडे-उजवीकडे झटका देऊन पुन्हा सरळ होतो, तिथे बहुतेक वेळा करेक्शन लाइन असते. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाणाऱ्या रेषा जवळ जवळ येत जातात, चौकोन बिघडतो, मग ठराविक अंतरावर मोजणी नव्याने सुरू करायची, त्या जोडावर रस्ता सरकतो. टाउनशिपच्या आतही जी कमी-जास्त जमीन उरते ती उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनमध्ये ढकललेली असते, म्हणून त्या कडेच्या तुकड्यांचे आकडे १६० किंवा ४० असे गोल येत नाहीत. पेटंट बघताना असा विचित्र एकराचा आकडा दिसला की घाबरू नका, कागद बरोबर आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आयोवात ही साखळी फिरत होती साधारण त्याच काळात, १८३६ च्या सुमारास, आपल्याकडे पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी चालू होती, ज्यातून पुढे मुंबई इलाख्याची सर्व्हे पद्धत आली आणि सर्व्हे नंबर आले. आपल्याकडची साखळी ३३ फुटांची, ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. दोन्हीकडे एकर तोच, पण इंदापुरात शेतं आधीपासून कसली जात होती म्हणून मोजणीदार बांधाच्या मागे मागे गेला आणि शेताचा आकार वाकडातिकडा तसाच राहिला. आयोवात आधी रेषा आखली आणि मग शेत त्या रेषेत बसवलं. आपल्या गावचा गटाचा नकाशा ज्यांनी तलाठ्याकडे बघितलाय त्यांना प्लॅट उघडल्या उघडल्या फरक दिसेल.

पण आयोवात तरी "आधी काही नव्हतं" हे खरं आहे का? अजिबात नाही, आणि ह्या साइटबद्दल माझं मुख्य म्हणणं हेच आहे. साइटवरची गोष्ट सुरू होते तीच जमीन रिकामी करून झाल्यावर. १८३२ ला सॉक लोकांचा पुढारी ब्लॅक हॉक याच्याशी लढाई झाली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इथल्या मूळच्या सॉक आणि मेस्क्वाकी लोकांकडून मिसिसिपीच्या पश्चिम काठाचा साधारण ५० मैल रुंद पट्टा लिहून घेतला आणि १ जून १८३३ पर्यंत तिथून निघून जा म्हणून सांगितलं. १८३७ ला आणखी एक तुकडा घेतला. त्यानंतर साखळी आली, त्यानंतर नोव्हेंबर १८३८ मध्ये डुब्यूक आणि बर्लिंग्टनला पहिले सरकारी लिलाव झाले. पेटंटच्या यादीत तुम्हाला पहिला मालक म्हणून जे नाव दिसतं ते अमेरिकन सरकारच्या हिशेबातलं पहिलं नाव. प्लॅटवर कुठे कुठे एखादी पायवाट आखलेली असते, तेवढीच त्या लोकांची खूण. आणि हेही सांगायलाच हवं की मेस्क्वाकी लोक गेले आणि परत आले, १८५७ ला त्यांनी टामा काउंटीत ८० एकर जमीन पैसे मोजून विकत घेतली, आणि आज त्यांची ८,००० एकरांहून जास्त जमीन तिथे आहे. आयोवातून जाताना टामाला थांबा. स्वतःचीच जमीन परत विकत घेणाऱ्या लोकांबद्दल मला अपार आदर वाटतो.

आता पेटंटकडे. नावांची लांबलचक यादी येते, एकेका ओळीवर क्लिक केलं की तारीख, कायदा, एकर, सेक्शनचा नेमका तुकडा दिसतो. कायद्याचा रकाना वाचायचा कंटाळा करू नका, सगळी मजा तिथे आहे. आयोवात जास्त करून दोन प्रकार दिसतील. १८२० च्या कायद्याखाली रोख विक्री, सव्वा डॉलर एकर, हा किमान भाव. आणि दुसरं मिलिटरी वॉरंट. जुन्या लढायांतल्या सैनिकांना सरकारने बक्षीस म्हणून जमिनीचे कागद दिले, १८५५ च्या कायद्याने तर १४ दिवस नोकरी केलेल्यालाही १६० एकरांचा हक्क मिळाला. बहुतेक सैनिक आयोवात कधी आलेच नाहीत, त्यांनी कागद दलालाला विकला, दलालाने जमीन शोधणाऱ्याला विकला, म्हणून एकाच सनदेवर सैनिकाचं नाव वेगळं आणि जमीन मिळालेल्याचं वेगळं. आपल्याला वाटतं सगळं मिडवेस्ट होमस्टेडवर फुकटात वाटलं गेलं, पण होमस्टेडचा कायदा आला १८६२ ला, तोवर आयोवाचा बराचसा भाग संपला होता, इथे होमस्टेडवर फारच थोडी जमीन गेली.

आणखी एक गंमत, सनदेखाली राष्ट्राध्यक्षाचं नाव असतं, फ्रँकलिन पिअर्स, जेम्स ब्यूकॅनन वगैरे. ती त्यांची सही नाही. १८३३ पासून सनदांवर त्यांच्या नावाने सही करायला वेगळा सेक्रेटरी नेमलेला होता. तेव्हा ते बघून "माझ्या घराच्या जमिनीवर प्रेसिडेंटची सही" असं फेसबुकवर टाकू नका.

आणि सेक्शन १६ शोधलात आणि काही मिळालं नाही तर साइट बिघडलेली नाही. प्रत्येक टाउनशिपमधला १६ नंबर शाळेसाठी राखलेला होता, तो राज्याला गेला आणि राज्याने विकला, त्यामुळे त्याची सनद केंद्राच्या दप्तरात सहसा नसते. १७८५ ला, शेतकरी येण्याच्या आधी, प्रत्येक चौकोनात शाळेचा मैल वेगळा काढून ठेवला ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

कमी काय आहे तेही सांगतो. पहिला मालक कळला की साइट थांबते. पुढची खरेदी-विक्री, गहाण, वाटण्या हे सगळं काउंटीच्या रेकॉर्डर ऑफिसात, सीडरसाठी म्हणजे टिप्टनला. सातबारासारखं सलग सगळं एका जागी मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. सर्व्हेअरच्या वह्याही साइटवर सगळ्या राज्यांच्या नाहीत. नावांची स्पेलिंगं तर तेव्हाच्या कारकुनाच्या कानावर अवलंबून, म्हणून नावाने शोधण्यापेक्षा सेक्शनने शोधा. आणि एकट्या ह्या साइटवर राहू नका, आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीचा जिओग्राफिक मॅप सर्व्हर उघडा, तिथे १८७५ चा अँड्रियासचा ॲटलस आणि १९३० च्या दशकातले विमानातून काढलेले फोटो आजच्या नकाशावर चढवून बघता येतात, तोही फुकट. दोन्ही मिळून बघितलं तर खरं चित्र उभं राहतं, मी ह्या जोडीलाच मार्क देतोय असं समजा.

मग प्रत्यक्ष जा. स्प्रिंगडेलमध्ये १८५० पासून क्वेकर ह्या ख्रिस्ती पंथाचे लोक यायला लागले, ओहायो आणि पूर्वेकडून, गुलामगिरीच्या कट्टर विरोधातले आणि शस्त्राच्याही विरोधातले. त्याच लोकांच्या शेजारात १८५७-५८ चा हिवाळा जॉन ब्राउनच्या, म्हणजे गुलामगिरी शस्त्राने मोडायला निघालेल्या माणसाच्या, साथीदारांनी काढला, गावाच्या ईशान्येला विल्यम मॅक्सनच्या घरात, लाकडी तलवारी घेऊन कवायत करत, आणि संध्याकाळी खोटी विधानसभा भरवून वाद घालत. १८५९ च्या फेब्रुवारीत ब्राउन मिसुरीतून सोडवलेल्या गुलामांना घेऊन पुन्हा इथून गेला, मार्चमध्ये दक्षिणेला वेस्ट लिबर्टीत त्यांना मालगाडीच्या डब्यात बसवून शिकागोला पाठवलं. त्याच ऑक्टोबरात व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर ब्राउनचा हल्ला, आणि त्यात स्प्रिंगडेलची दोन सख्खी भावंडं, एडविन आणि बार्कली कॉपॉक. एडविनला १६ डिसेंबर १८५९ ला फाशी झाली. बार्कली निसटून घरी आला, व्हर्जिनियाने त्याला ताब्यात मागितलं तर आयोवाचे गव्हर्नर कर्कवुड यांनी कागदपत्रांत त्रुटी आहेत म्हणून ती मागणी परत पाठवली, तेवढ्या वेळात तो निघून गेला. मॅक्सनचं घर १९३८ ला पाडलं, आता तिथे खुणेचा दगड आहे. अहिंसा मानणाऱ्या गावाने त्या माणसांना का ठेवून घेतलं असेल यावर मी अजून विचार करतो.

वेस्ट ब्रांच गाव ह्या टाउनशिपच्या पश्चिम कडेला आहे. हर्बर्ट हूवरचा जन्म इथे १० ऑगस्ट १८७४ चा, १४ बाय २० फुटांच्या दोन खोल्यांच्या घरात, वडील लोहार. वडील १८८० ला गेले, आई १८८४ ला, आणि अकराव्या वर्षी पोराला ओरेगॉनला नातेवाइकांकडे पाठवलं. ते घर बघता येतं, क्वेकरांचं १८५७ चं मीटिंगहाउस बघता येतं, पण माझं सांगणं की मागच्या बाजूची ८१ एकरांची प्रेअरी सोडू नका. ती पुन्हा लावलेली आहे, १९७० च्या दशकात सुरू केलेली, तरी ऑगस्टमध्ये गवत डोक्याच्या वर जातं आणि प्लॅटवर सर्व्हेअर ज्याला नुसतं प्रेअरी लिहितो ते काय असेल याचा अंदाज येतो.

मूळची न नांगरलेली बघायची असेल तर त्याच काउंटीत थोडं पूर्वेला रॉचेस्टर टाउनशिपची स्मशानभूमी. सुमारे १३ एकर, जुने प्रचंड बर ओक, आणि ४०० हून जास्त जातींची झाडं-फुलं, कारण कबरी असल्यामुळे तिथे कधी नांगर गेलाच नाही. मे महिन्यात जा, शूटिंग स्टारची फुलं असतात. आजही तिथे दफन होतं, त्यामुळे वाटेवरून चाला, फुलं तोडू नका, पिकनिक नको. ही जागा सांभाळतात टाउनशिपचे ट्रस्टी. आयोवात टाउनशिपला निवडून आलेले तीन ट्रस्टी आणि एक क्लार्क असतो, काम म्हणजे आगीचा बंब, स्मशानं, आणि दोन शेजाऱ्यांचा कुंपणावरून वाद झाला तर जागेवर जाऊन निवाडा. आपल्याकडे बांधावरून कोर्टात किती पिढ्या गेल्यात हे ज्यांना माहीत आहे त्यांना ह्या शेवटच्या कामाची किंमत कळेल. गवत कापून लॉन करायचं की प्रेअरी राखायची यावर रॉचेस्टरला गावकऱ्यांत मतभेद झालेले आहेत, मी राखणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

तुमच्या स्वतःच्या घरासाठी करायचं असेल तर काउंटी असेसरच्या साइटवर पत्ता टाका, लीगल डिस्क्रिप्शनमध्ये सेक्शन-टाउनशिप-रेंज मिळेल, नवीन सबडिव्हिजनमध्ये नुसता लॉट नंबर असेल तर त्या सबडिव्हिजनच्या नकाशाच्या पहिल्या पानावर सेक्शन लिहिलेला असतो. पाचपैकी साडेचार, अर्धा कापला कारण नवख्या माणसाला पहिला फॉर्म फार अवघड जातो. ओहायोवाल्यांनो, तुमच्याकडे जरा जपून, तिथे एकाच राज्यात अनेक वेगवेगळ्या मोजण्या झाल्यात, ईशान्येकडच्या वेस्टर्न रिझर्व्हमध्ये टाउनशिप पाच मैलांचं आहे आणि व्हर्जिनिया मिलिटरी डिस्ट्रिक्टमध्ये चौकोनच नाहीत. टेक्सास आणि केंटकीवाल्यांना इथे काही मिळणार नाही, तिथली जमीन केंद्र सरकारची नव्हतीच. टेक्सासचं स्वतःचं जनरल लँड ऑफिस ऑस्टिनला आहे, त्यांचीही साइट आहे, तिथे शोधा.